ऑर्किडला शेंग धरली आहे. बी कुंडीत पेरलं तर उगवेल का? आणि यालाच टिश्यू कल्चर म्हणतात का?

हाताने परागकण लावून फॅलेनोप्सिसला (घरोघरी दिसणाऱ्या तुमच्या या ऑर्किडला) शेंग धरवलीत, अभिनंदन! पण हे बी कुंडीत पेरू नका, वाया जाईल.

हरभऱ्याच्या दाण्यात कोंबासाठी शिदोरी भरलेली असते. ऑर्किडच्या बीत ती नसतेच. पिकलेली शेंग उकलली की आत पिठासारखी भुकटी दिसते, श्वासानेही उडते. तिचा एकेक कण म्हणजे एक बी. रानात त्याला योग्य बुरशी भेटली आणि तिने पोसलं, तरच ते रुजतं. आमच्याकडे कोकणात पावसाच्या तोंडावर झाडांवर सीतेची वेणी हे रानटी ऑर्किड लोंबतं. एका शेंगेत हजारो बिया, तरी आसपास नवी रोपं शोधावी लागतात. म्हणून रानातली वेणी कुणी ओरबाडून आणली की जीव तुटतो.

बुरशीचं काम साखर करू शकते, हे १९२२ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या लुईस नडसन यांनी दाखवलं. साखर आणि क्षार घातलेल्या आगरवर (समुद्री शेवाळापासूनच्या जेलीवर), निर्जंतुक बाटलीत, त्यांनी बी रुजवलं. आजही मूळ पद्धत तीच आहे. कुणी त्यात नारळपाणी घालतं, कुणी केळ्याचा गर.

तुम्ही शेंग पिवळी पडायची वाट पाहू नका. माझी पहिली शेंग मी तशी ठेवली आणि ती एका रात्रीत फुटली. सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर पिवळसर धूळ! हिरवी, न फुटलेली शेंग आतून निर्जंतुक असते, त्यामुळे फक्त बाहेरची साल स्वच्छ केली की भागतं. फॅलेनोप्सिसची शेंग साधारण चार महिन्यांची झाली की कापता येते. परागण केल्याची तारीख आजच चिठ्ठीवर लिहून दांड्याला बांधा. बाटल्या घरच्या प्रेशर कुकरमध्ये निर्जंतुक करता येतात, पण पेरताना हवेतला बुरशीचा एक कण पडला तरी अख्खी बाटली जाते. एकच शेंग असेल तर ती प्रयोगशाळेत पेरून घ्यावी, असं माझं मत.

आता दुसरा प्रश्न. बाटली तीच, आगर तेच, म्हणून लोक दोन्हींना टिश्यू कल्चर म्हणतात. पण बी पेरणं वेगळं. बियांची रोपं ही भावंडं. तुमचं झाड बाजारातलं असेल तर ते बहुधा संकरितच, त्यामुळे प्रत्येक रोपाचं फूल थोडं निराळं येईल. नवी जात अशाच शेकडो भावंडांतून निवडतात. निवडलेल्या झाडाच्या हुबेहूब प्रती हव्या असतील तेव्हा ऊतीसंवर्धन, म्हणजेच टिश्यू कल्चर: झाडाचाच तुकडा बाटलीत वाढवणं. फ्रान्सच्या जॉर्ज मोरेल यांनी १९६० मध्ये सिम्बिडियम या ऑर्किडच्या शेंड्याचा बारीक तुकडा वाढवून ही वाट खुली केली. फॅलेनोप्सिसला मात्र वाढीचा शेंडा एकच. तो काढला तर झाडच धोक्यात येतं. म्हणून त्याच्या फुलदांड्यावरचे डोळे घेतात.

पेरल्यावर काही आठवड्यांनी आगरवर हिरवे ठिपके दिसतील, मग इवली पानं. बाटलीबाहेर काढताना मुळांना चिकटलेलं आगर कोमट पाण्यात पूर्ण धुवा. राहिलं तर मुळं कुजतात. पुढचे काही आठवडे रोपं सावलीत, दमट हवेत ठेवा. पहिलं फूल पेरणीपासून साधारण तीन वर्षांनी.