‘आसुरी आनंद’ हा आनंद कोणाचा?

प्रश्न : मेच्या वादळात शेजारच्या गावातले कापणीवर आलेले केळीचे मृगबाग (मृगाच्या सुमारास लावलेले) आडवे झाले, आमचा वाचला. पुढे केळीचा भाव चढला तेव्हा काका म्हणाले, ‘मनातून बरंच वाटलं.’ काकूंनी लगेच सुनावलं, ‘हा आसुरी आनंद!’ हा शब्द आला कुठून?
– एक वाचक, रावेर

उत्तर : बाग वाचल्याचा आनंद आसुरी नाही, हे आधी काकूंना सांगा. वादळाच्या दुसऱ्या दिवशी बांधावर जाऊन घड झाडालाच आहेत हे पाहिलं की कोणाचाही जीव भांड्यात पडतो. यावलकडची असल्यामुळे मी ते चेहरे पाहिले आहेत. पण पलीकडे खोडं मधोमध मोडलीत, घड चिखलात लोळताहेत आणि आपण मनात भाव मोजत सुखावतोय, तर काकू बरोबर. खानदेशातल्या अहिराणी बोलीत हळूच ‘बरं जयं!’ (बरं झालं!) म्हणतात, तो हा सूर.

‘आसुरी’ म्हणजे असुराचं, असुराला शोभणारं. गंमत अशी की ऋग्वेदात ‘असुर’ ही शिवी नव्हतीच. वरुणासारख्या देवालाही असुर म्हटलं आहे. अर्थ बलवान, सामर्थ्यवान. पारशी धर्मातल्या अहुर मज्दामधला ‘अहुर’ याच शब्दाचा भाऊ. पुढे असुर देवांचे वैरी ठरले. मग लोकांनी शब्दाची ‘अ + सुर’ अशी फोड केली आणि त्यातून देव या अर्थाचा ‘सुर’ निघाला.

आनंदाशी नातं समजायला गीतेचा सोळावा अध्याय काढा. आसुरी वृत्तीचा माणूस तिथे म्हणतो : हे आज मी मिळवलं, तेही मिळवीन, हा शत्रू मी मारला, बाकीच्यांनाही मारीन, मीच ईश्वर, मी बलवान, मी सुखी. शत्रू मारल्यापेक्षा ही ‘मी, मी’ची रांग मला जास्त भयंकर वाटते.

जर्मनमध्ये ‘नुकसान’ आणि ‘आनंद’ जोडून ‘शाडनफ्रॉयडं’ असा शब्द आहे, इंग्रजीने तो तसाच उचलला. त्यात परक्याच्या हानीचं सुख आहे; आपल्या ‘आसुरी’त त्यावर स्वतःची ऐटही येते. कोणाचं काही न बिघडता माणूस नुसता स्वतःवर खूश असेल, तर तो खुशीत गाजरं खातो म्हणावं. तिथे असुराला आणू नये.

आणि लिहिताना ‘असुरी’ नको, ‘आसुरी’च लिहा.