आजोबांच्या पेटीतलं हे काय? – वाचकांचे प्रश्न, जुन्या हत्यारांबद्दल

प्रश्न : माझे आजोबा माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये सुतार होते. घर रिकामं करताना त्यांची लाकडी पेटी मिळाली, त्यात पटाशा, रंधा, एक छोटी तिकोनी कानस वगैरे ओळखीचं सामान आहे. पण एक वस्तू कोणालाच कळेना. दिसायला पक्कडीसारखी, पण तोंडात पक्कडीचे जबडे नाहीत, त्याऐवजी एक छोटी गोल चकती आहे, स्क्रू ढिला केला की ती फिरते आणि तिच्यावर ४ ते १२ आकडे कोरलेत. हँडल दाबलं की आतून एक बारीक सळई पुढे येते आणि चकतीच्या कडेला टेकते. एका हँडलवर इंग्रजीत पेटंट असं लिहिलंय आणि पुढे सहा आकडी नंबर, दुसऱ्यावर जीआयपीआर असा शिक्का. कंपनीचं नाव झिजून गेलंय. आमचे जावई म्हणतात रेल्वेचं तिकीट पंच करायचं मशीन, भाऊ म्हणतो पट्ट्याला भोकं पाडायचं. कोणाचं बरोबर? आणि गंज कसा काढू? – डोंबिवलीहून एक वाचक

उत्तर : ताई, दोघांचंही नाही. पण तुम्ही वर्णन इतकं नीट लिहिलंय की फोटो उघडायच्या आधीच उत्तर मिळालं होतं, त्याबद्दल आधी आभार, कारण बहुतेक पत्रांत "लोखंडी आहे, जड आहे, सांगा काय आहे" एवढंच असतं.

भोक पाडणारं कुठलंही हत्यार घ्या, सळई जिथे उतरते तिथे समोर भोकच असावं लागतं, नाहीतर कापलेला तुकडा जाणार कुठे? तिकिटाच्या पंचला ते असतं. पट्ट्याच्या पंचमध्ये फिरणारी चकती असते हे खरं, पण तिच्यावर पोकळ नळ्या बसवलेल्या असतात, तुमच्या चकतीला ना भोक ना नळी. फोटो मोठा करून बघितला तर चकतीची कड सरळ नाहीये, तिरकी उतरवलीये आणि ती उतरण सगळीकडे सारखी नाही, ४ च्या जवळ रुंद आणि १२ च्या जवळ अगदी नावाला. म्हणजे या हत्याराला काहीतरी कापायचं किंवा टोचायचं नाहीये, काहीतरी बारीक वस्तू त्या उतरणीवर दाबून थोडीशी वाकवायचीये. आणि पेटीत तिकोनी कानस आहेच. हे करवतीचे दाते झुकवायचं हत्यार आहे, इंग्रजीत सॉ सेट.

आता हे लागतं कशाला. करवतीचा पत्रा समजा एक मिलिमीटर जाड आहे आणि दाते अगदी सरळ रेषेत आहेत, तर लाकडात चीरही एक मिलिमीटरचीच पडणार, मग पत्रा दोन्ही बाजूंनी घासणार, गरम होणार, आणि लाकूड जरा ओलं असलं की चीर मिटून करवत आत अशी अडकते की ओढता ओढता घाम फुटतो. म्हणून एक दाता डावीकडे, पुढचा उजवीकडे असे किंचित झुकवून ठेवतात, चीर पत्र्यापेक्षा थोडी रुंद पडते आणि करवत मोकळी चालते. जास्त झुकवलं तरी पंचाईत, चीर उगाच रुंद होते, भुसा जास्त पडतो, मेहनत वाढते आणि काप वाकडा जातो. ओल्या लाकडाला जास्त झुकाव, सुक्या सागाला कमी, हा हिशोब.

चकतीवरचे आकडे म्हणजे करवतीला एका इंचात किती दाते आहेत ते. लांबीत फाडायची करवत असेल तर दाते मोठे, इंचाला चार-पाच, मग आकडा ४ किंवा ५ वर आणायचा. आडवं कापायची बारीक करवत असेल तर १० किंवा १२. करवत शिकंज्यात दाते वर करून धरायची, एक सोडून एक असे दाते या पक्कडीत घेत जायचं, हँडल दाबलं की आधी पत्रा पकडला जातो आणि मग ती सळई दात्याला उतरणीवर ढकलते. एक बाजू झाली की करवत फिरवून राहिलेले दाते दुसऱ्या बाजूने. दात्याचा फक्त वरचा भाग वाकतो, मुळापासून वाकवला तर तुटतो. मग कानशीने धार. गावाकडचे सुतार हेच काम खाच पाडलेल्या लोखंडी पट्टीने करायचे, दाता खाचेत घ्यायचा आणि अंदाजाने पिळायचा, आणि हात बसलेल्या माणसाचं काम कुठल्याही मशीनइतकं एकसारखं यायचं. पक्कडीचा फायदा एवढाच की नवशिक्यालाही सगळे दाते सारखे झुकवता येतात, आणि वर्कशॉपमध्ये जिथे शेकडो माणसं तिथे हे लागणारच.

माटुंगा वर्कशॉप १९१५ चं, ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने डब्यांच्या दुरुस्तीसाठी काढलेलं, जीआयपीआर ते हेच. त्या काळात डब्यांची बॉडी लाकडी असायची, चेन्नईतल्या पेरांबूरच्या कारखान्यातून पूर्ण पोलादी डबे १९५५ पासून बाहेर पडायला लागले, त्यामुळे सुतार म्हणजे तिथला फार महत्त्वाचा माणूस. आणि डब्यांना लागायचा साग. सागात वाळूच्या जातीचं सिलिका असतं, ते हत्याराची धार खातं, दिसायला लाकूड किती गुळगुळीत पण करवत लवकर बोथट. म्हणजे तुमच्या आजोबांच्या हातात करवतीपेक्षा ही पक्कड आणि कानस कमी वेळ असेल असं समजू नका.

वय पण काढता येतं. ब्रिटिश पेटंटचे नंबर १९१६ मध्ये एक लाखाच्या पुढून नव्याने सुरू झाले, त्याआधी दरवर्षी एकपासून मोजायचे आणि सोबत साल लिहायचे. त्यामुळे नंबर ब्रिटिश असेल तर सहा आकडे म्हणजे १९१६ नंतरचं. आणि जीआयपी रेल्वे १९५१ मध्ये मध्य रेल्वेत गेली, म्हणजे शिक्का त्याच्या आधीचा. या मधल्या पस्तीस वर्षांतलं हत्यार आहे. या जातीतलं सगळ्यात नावाजलेलं म्हणजे इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या जेम्स नील कंपनीचं एक्लिप्स ७७. नाव झिजलंय म्हणता तर कोळशाची पूड किंवा खडू चोळून आडव्या उजेडात बघा, कधीकधी अक्षरं उठतात.

गंजाबद्दल एकच कळकळीची विनंती, ग्राइंडरवाल्याकडे नेऊ नका. तो पाच मिनिटांत चकचकीत करून देईल आणि आजोबांच्या रेल्वेचा शिक्का पण त्याच पाच मिनिटांत जाईल. रॉकेल मिळालं तर बघा, नाहीतर डिझेलमध्ये दोन दिवस बुडवून ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, सळईच्या खाचेतला चिकटा काढा, पुसून मशीन ऑइलचा हात द्या. तोंडाजवळ हँडल जिथे गुळगुळीत काळं झालंय ते तसंच राहू द्या, तो गंज नाही, ती हाताची झीज आहे.

चालवून बघायचं असेल तर जुन्या करवतीवर, हल्लीच्या हार्डवेअरच्या दुकानातल्या प्लॅस्टिक मुठीच्या करवतीवर अजिबात नको. तिचे दाते टोकाला काळपट निळे दिसतात ना, ते तापवून कडक केलेले असतात, वाकत नाहीत, तुटून डोळ्यात उडतात. जुन्या करवतीतही जो दाता ज्या बाजूला झुकलेला आहे त्याच बाजूला झुकवा, उलटा नाही. किमतीचं तुम्ही विचारलं नाहीत पण जावई विचारतीलच, तर सांगा की यात पैसा फार नाही.

प्रश्न : आम्ही लंडनजवळ राहतो. रविवारच्या जुन्या बाजारात मला एक लोखंडी अडकित्ता मिळाला, वीतभर लांब, दोन्ही दांड्यांच्या मध्ये स्प्रिंग आणि शेवटी बंद करायची कडी. विकणारा म्हणाला अक्रोड फोडायचा आहे, मी म्हटलं बाबा तुला काय माहीत, हा आमच्याकडून कोणीतरी साहेबाने नेलेला असणार. मिस्टर म्हणतात अडकित्त्याला स्प्रिंग कधी बघितलीस? फोटो पाठवतेय, निकाल द्या.

उत्तर : निकाल असा की साहेबाने नेलेला नाही, तो साहेबाच्याच स्वयंपाकघरातला आहे, आणि अक्रोडाशी पण त्याचा संबंध नाही. मिस्टरांना अर्धे मार्क.

अडकित्ता हातात घेऊन बघा (तिथे नसेल तर आईला व्हिडिओ कॉलवर दाखवायला सांगा), त्याचा खिळा एकदम टोकाला असतो. सुपारी खिळा आणि मूठ यांच्या मध्ये येते, वरचं पातं धारदार, खालची बाजू आधाराची. तुमच्या वस्तूत खिळा मध्ये आहे आणि पाती खिळ्याच्या पलीकडे, कात्रीसारखी, पण कात्रीसारखी एकमेकांवरून सरकत नाहीत, बाकदार येऊन टोकाला टोक भिडतात. आणि धार नाही म्हणावी इतकी बोथट. अशा पात्यांनी सुपारी कातरली जात नाही, निसटून कपाळावर येईल. खालच्या दांडीला एक छोटा खुंट बाहेर आलेला दिसतोय, तो टेबलावर टेकवायचा म्हणजे बोटं चेंगरत नाहीत. ही साखर तोडायची चिमटी आहे.

साखर तोडायची म्हणजे काय असं वाटेल. पूर्वी युरोपात साखर दाणेदार मिळत नव्हती, उकळलेला पाक शंकूच्या आकाराच्या मातीच्या साच्यात ओतायचे, साच्याच्या टोकाला भोक, त्यातून मळी निथळून जायची आणि आत दगडासारखा पांढरा सुळका तयार व्हायचा. तो निळ्या कागदात गुंडाळून विकायचे, निळ्यामुळे साखर जास्त पांढरी दिसते, व्यापारी सगळीकडे सारखेच. घरी आणला की आधी हातोडीने मोठे तुकडे आणि मग चहाच्या वेळी या चिमटीने खडे. साखर महाग, त्यामुळे कुलुपात. हे सगळं काम किती जिवावर यायचं त्याची एक गोष्ट सांगतात, आजच्या चेक देशातल्या दाचित्से गावी साखर कारखान्याचा व्यवस्थापक होता याकोब राड, त्याच्या बायकोचं बोट साखर तोडताना कापलं आणि ती त्याच्यावर अशी काही उखडली की त्याने चौकोनी खडे पाडायचा साचा काढला. गोष्ट खरी की रचलेली ते जाऊ द्या, पेटंट १८४३ चं आहे हे नक्की. इंग्लंडमध्ये साखरेवरचा कर १८७४ मध्ये गेला, त्याच दशकात साखर कारखानदार हेन्री टेटने चौकोनी खडे बाजारात आणले, आणि मग हळूहळू या चिमट्या माळ्यावर गेल्या. म्हणजे तुमची वस्तू बहुधा एकोणिसाव्या शतकातली.

इराणमध्ये साखरेचे सुळके अजून मिळतात, लग्नात नवरा-नवरीच्या डोक्यावर कापड धरून त्यावर दोन सुळके एकमेकांवर घासतात. आपल्या पारशी लोकांच्या सेसमध्ये, म्हणजे शुभकार्याच्या तबकात, अशाच आकाराचा चांदीचा शंकू असतो तो बघितला असेल.

खरे अडकित्ते बघायचे तर पुण्याला आलात की बाजीराव रोडवरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा, तिथे पितळी, नक्षीचे, एकेक असे अडकित्ते आहेत की मिस्टर निमूटपणे मागे उभे राहतील. तुमच्या चिमटीने गुळाची ढेप फोडायला हरकत नाही, मी तर नक्की फोडला असता.

प्रश्न : पुण्याच्या जुन्या बाजारातून एक जाड लाकडी वाडगा आणला, मस्त काळसर, काठ गुळगुळीत, तळाला चार भोकं आहेत. डेकोरवाली मैत्रीण म्हणते जुनी कुंडी आहे. त्यात मनीप्लांट लावलाय. बरोबर ना?

उत्तर : भोकं बघून तिला कुंडी सुचली असेल, पण पाणी जायला कोणी चार भोकं इतकी मोजून-मापून पाडत नाही. वाडगा उलटा करून बघा, भोकं तिरकी, बाहेरच्या दिशेने गेलेली असतील आणि आतल्या बाजूने घासून तोंडं रुंद झालेली असतील. ते पाभरीचं, म्हणजे बैलांनी ओढायच्या पेरणीच्या अवजाराचं, चाडं आहे. प्रत्येक भोकात एक नळी, नळीचं दुसरं टोक फणात, बैल पुढे आणि मागून चालणारा मुठीतून बी सोडत जाणार, चारी भोकांत सारखं पडेल असं, चालता चालता, दिवसभर. ज्याच्या हाताला हे जमतं त्यालाच घरचे चाड्यावर उभं करायचे, बाकीच्यांनी बैल हाकायचे. तीन भोकं असती तर तिफणीचं, चार म्हणजे चार फणांची पाभर. भोकांची तोंडं बियांनी घासलीत आणि काठ गुळगुळीत झालाय तो मनगट टेकून टेकून.

मनीप्लांट काढा आधी. इतकी वर्षं कोरडं राहिलेलं लाकूड आहे, ओल्या मातीत वर्षभरात तळ कुजेल किंवा चीर जाईल. माती झटकून सावलीत वाळवा, उन्हात नको, मग जवसाचं तेल कापडाने चोळा. आणि तुमच्या कोणी ओळखीचे सत्तरीतले शेतकरी असतील तर एकदा त्यांच्या हातात द्या आणि मुठीतून ज्वारी कशी सोडायची ते दाखवा म्हणावं, व्हिडिओ काढला तर आम्हाला पण पाठवा.