व्हिडिओनं शिकवलं, मग माझं काम काय?

मार्च संपत आला की रत्नागिरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत शिक्षकांची ये-जा वाढते. बारावीची परीक्षा आटोपते, एमएचटी-सीईटीचे क्रॅश कोर्स सुरू होतात आणि हल्ली कोर्सआधीच मुलांना पूर्वतयारीचे व्हिडिओ ऑनलाइन धाडले जातात. मग वेगवेगळ्या तोंडून तीच तक्रार: "मुलं ते बघत नाहीत." थोडं थांबलं की मागून दुसरं वाक्य येतं: "आणि बघितलं, तर माझं काय काम?"

भौतिकशास्त्राच्या एका सरांची गोष्ट त्यांच्या परवानगीने, ओळख बदलून सांगते. पन्नाशी ओलांडलेले, शिकवण्यावर जीव. झोप उडाली होती.

"मॅडम, दोन वर्षांचा अभ्यास महिन्याभरात उरकायचा, त्यात हे व्हिडिओ. राजापूरकडची मुलं रेंजसाठी उंच कातळाच्या सड्यावर जाऊन बसतात. ती कधी बघणार?"

"अडचण खरी आहे. फाइल पेनड्राइव्हवर देता येईल. पण झोप त्यानेच उडालीय का?"

सर गप्प झाले. पुढच्या भेटीत म्हणाले, "पंचवीस वर्षं जे फळ्यावर जीव ओतून सांगितलं, ते कुणीतरी मोबाइलवर दहा मिनिटांत सांगतो. मुलांना तेच आवडलं तर?"

मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचाराच्या वाटेने काम करते. परिस्थितीपेक्षा तिच्याबद्दलची आपली समजूत माणसाला जास्त पोळते, हे त्यांनी १९५५च्या सुमारास उपचारात आणलं. मात्र समजूत चुकीची आहे असं सांगून ती सुटत नाही, पुरावा ज्याचा त्यालाच दिसावा लागतो. म्हणून मी म्हटलं, "किती जणांनी व्हिडिओ बघितला ते सोडा. त्याखालच्या चाचणीची उत्तरं घेऊन या."

आणली. प्रश्न होता: सरळ वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच बिंदूवर असताना त्याचं त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, किती? व्हिडिओ बघितलेल्या ३० पैकी २२ मुलांचं उत्तर, शून्य.

कागद ठेवून सर उठले, टेबलावरचा किल्ल्यांचा जुडगा उचलला आणि वर फेकला. "वर पोचल्यावर वेग शून्य होतो ना, म्हणून मुलांना वाटतं सगळंच शून्य झालं. त्वरणही शून्य असतं, तर जुडगा तिथेच लटकून राहिला असता!" पुन्हा फेकला. पुन्हा. शाळेत मला कधी न उमगलेलं त्या दिवशी उमगलं.

"सर, हे व्हिडिओला जमलं असतं?"

हातातल्या जुडग्याकडे ते बराच वेळ बघत राहिले. "पोरं कुठे चुकतात ते आधी कळलं, म्हणून सुचलं. नाहीतर नेहमीसारखा पहिल्यापासून सांगत गेलो असतो."

तेव्हापासून मी शिक्षकांना सांगते: पूर्वतयारी दहा-पंधरा मिनिटांचीच ठेवा, खाली दोन-तीन प्रश्न द्या आणि पहिला तास त्यातल्या चुकांवरच घ्या. न बघणाऱ्यांसाठी सगळं पुन्हा सांगू नका. ज्यांनी बघितलं त्यांना वाटतं आपण उगाच बसलो, आणि पुढच्या वेळी तीही बघत नाहीत. मागे राहिलेल्यांना तासाआधी अर्धा तास वर्गात बोलवून दाखवा.

सरांनी असंच केलं. सड्यावर जाणाऱ्या मुलांसाठीचा पेनड्राइव्ह तर ते स्वतः एसटी स्टँडवर जाऊन देऊन आले.