एम-थ्रीची केटी आणि डेटा सायन्सचं मास्टर्स

प्रश्न : माझी मुलगी नाशिकला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पाच सेमिस्टरचा सीजीपीए (सरासरी) दहापैकी ६.७. दुसऱ्या वर्षी टायफॉइड झाला आणि एम-थ्रीला, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरला, केटी लागली (विषय राहिला), ती पुढच्या खेपेला सुटली. तिला डेटा सायन्समध्ये मास्टर्स करायचंय. एवढ्या मार्कांवर जमेल का? एक क्लासवाले दीड लाखात सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स सांगतात. सोमवारी पहिला हप्ता भरायचा आहे.

उत्तर : ताई, तो हप्ता भरू नका.

६.७ मुळे दारं बंद होत नाहीत. एम.टेक.साठी बहुतेक आयआयटींची पदवीला साधारण ६० टक्क्यांची अट असते, तिथे ती बसते, पण काठावर. म्हणून आता घसरायचं नाही. उरलेल्या तीन सेमिस्टरना ८.५ पडले, तर सरासरी ७.४ च्या आसपास जाईल. त्यापुढे ओढूनताणून फार फरक पडणार नाही.

मला काळजी वाटते ती एम-थ्रीची. डेटा सायन्सची प्रवेश समिती गुणपत्रक हातात घेते तेव्हा तिची नजर आधी गणिताच्या ओळींवर जाते. ग्राफिक्सला कमी पडले तर कुणी विचारत नाही. संभाव्यता, संख्याशास्त्र, लिनियर अल्जिब्रा इथे खड्डा असला की विचारतात. क्लासच्या सर्टिफिकेटने तो बुजत नाही.

केटी सुटली म्हणजे विषय आला असं नाही. आज संध्याकाळी लेकीला एक गणित घाला. हजार माणसांत दहा जणांना एक आजार आहे. तपासणी ९० टक्के वेळा बरोबर निघते, आजारी असो वा निरोगी. एकाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर तो खरोखर आजारी असण्याची शक्यता किती? पटकन ‘९० टक्के’ म्हणाली, तर तिला कागद द्या. दहा आजाऱ्यांतले नऊ पॉझिटिव्ह, ९९० निरोग्यांतले चुकून ९९ पॉझिटिव्ह. १०८ पैकी नऊ, म्हणजे जेमतेम ८ टक्के. हे तिने तुम्हाला, गणित सोडून कित्येक वर्षं झालेल्या आईला, पटवून दिलं तर पाया आहे असं समजा. नाही जमलं तर पहिले दोन महिने फक्त एम-थ्रीची जुनी वही.

पुढची पायरी गेट, म्हणजे एम.टेक.ची प्रवेश परीक्षा. २०२४ पासून त्यात डेटा सायन्स आणि एआयचा स्वतंत्र पेपर आहे, डीए. १०० पैकी १५ गुण अ‍ॅप्टिट्यूडचे, ८५ विषयाचे. अभ्यासक्रमाची सुरुवातच संभाव्यता-संख्याशास्त्र आणि लिनियर अल्जिब्रापासून होते. तिसऱ्या वर्षापासून बसता येतं आणि स्कोअर तीन वर्षं चालतो. चांगला डीए स्कोअर हे त्या केटीला सगळ्यात सरळ उत्तर आहे. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या एम.एस्सी. डेटा सायन्सची प्रवेश परीक्षा वेगळी असते, तीही द्यावी. तयारी बरीचशी तीच.

सर्टिफिकेट हवंच असेल तर एनपीटीईएलवर (आयआयटींचे ऑनलाइन कोर्स) संभाव्यतेचा एक कोर्स घ्या. नोंदणी फुकट, फी फक्त परीक्षेची, आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते, म्हणून त्याला वजन आहे. एकच घ्या, पण चांगल्या गुणांनी.

परदेशाचं थोडक्यात. अमेरिकेत बरीच विद्यापीठं चारपैकी तीन जीपीए मागतात. जर्मनीत बऱ्याच ठिकाणी पदवीत गणित-संख्याशास्त्राचे किती क्रेडिट झाले ते मोजतात. तेव्हा शेवटच्या वर्षी ऐच्छिक विषय सोपा बघून नव्हे, हे बघून निवडायचा.

अर्जात टायफॉइडबद्दल दोनच वाक्यं लिहायची : काय झालं, आणि त्यानंतर गणितात काय केलं. लपवायचं नाही, रडगाणंही नको. शिफारसपत्रासाठी एचओडींच्या (विभागप्रमुखांच्या) मागे धावण्यापेक्षा तिने एम-थ्रीच्याच सरांकडे किंवा मॅडमकडे जावं. अर्जाच्या तोंडावर नव्हे, या महिन्यातच, न सुटलेली चार गणितं वहीत घेऊन.