'ठीक हूं, मॅडम' : लष्करी फिजिशियनला वाचकांचे प्रश्न

आर्मी मेडिकल कोअरमध्ये मी 26 वर्षं होते, त्यातली बहुतेक मेडिसिनची स्पेशालिस्ट म्हणून. त्या कामाबद्दल आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न आज घेते. एकाच विषयावरची दोन-तीन पत्रं होती, ती एकत्र केली आहेत.

प्रश्न : मी बारावीत आहे, नीट देणार आहे आणि मला पुण्याच्या एएफएमसीत (आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात) जायचंय. घरचे म्हणतात, सर्जनला तरी लष्करात काम असतं, युद्ध नसताना फिजिशियन दिवसभर काय करणार? – विद्यार्थिनी, बार्शी

घरच्यांना सांग, लष्करी रुग्णालयातला मेडिकल वॉर्ड मी कधी रिकामा पाहिला नाही. गोळी लागलेला जवान बातमीत येतो. ताप, कावीळ, क्षय, दमा, मधुमेह, हृदयविकार यांची बातमी होत नाही, पण खाटा त्यांनीच भरलेल्या असतात. शिवाय रुग्ण फक्त जवान नसतात. त्यांच्या बायका, मुलं, आईवडील, निवृत्त फौजी, सगळे आमच्याकडेच येतात.

साडेसातला वॉर्डात पोचायचं. रात्रपाळीच्या डॉक्टरकडून रात्रीचा हिशेब घ्यायचा : कोण भरती झालं, कुणाचा ताप चढला, आयसीयूत कुणाची तब्येत बिघडली. मग राउंड. सोबत मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसची सिस्टर, ती स्वतः कॅप्टन किंवा मेजर, आणि नर्सिंग असिस्टंट. राउंड सुरू झाला की ज्याला उठता येतं तो खाटेशेजारी सावधानमध्ये उभा राहतो. ज्याला उठता येत नाही तो पडल्यापडल्या हात अंगाला चिकटवून सावधान होतो. माझ्या पहिल्याच पोस्टिंगमध्ये 103 ताप अंगात असलेला एक पोरगा असा काठीसारखा ताठ पडलेला होता, ओठ फुटलेले, चादरीखाली पाय थरथरत होते. विचारलं, 'कैसे हो?' म्हणाला, 'ठीक हूं, मॅडम.' हे शब्द मी सेवेत सगळ्यात जास्त ऐकले, आणि त्यांच्यावर विसंबून न राहणं हे माझं निम्मं काम होतं.

बाहेरच्या दवाखान्यात माणूस दुखणं सांगायला येतो. आमचा जवान दुखणं अंगावर काढतो. साथीदार काय म्हणतील, कोर्स हुकेल, रजा जाईल, अशी कारणं असतात. म्हणून प्रश्न आडून विचारायचे. 'दम लागतो का?' याला उत्तर 'नाही'च मिळणार. त्याऐवजी 'पाच किलोमीटरला हल्ली कितवा येतोस?' असं विचारलं की नेहमी पहिल्या दहांत येणारा खाली बघतो. तिथे स्टेथोस्कोप लावायचा. निवृत्त सुभेदारसाहेब ओपीडीत 'छातीत जरा गॅस आहे' म्हणाले की आधी ईसीजी काढायचा, गॅसचं नंतर बघू.

ओपीडी संपता संपता मेडिकल बोर्डाची, म्हणजे कोण कुठल्या ड्यूटीला योग्य हे ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाची, कागदपत्रं समोर येतात. दुपारी पुन्हा आयसीयू, नंतर ज्युनिअर डॉक्टरांना शिकवणं, आणि ऑन-कॉल असलीस तर रात्र तुझी नाहीच. दोन-तीन वर्षांनी बदली, की गाव नवं, हवामान नवं आणि आजारही नवे.

आता तुझ्या वाटेबद्दल. नीटनंतर एएफएमसीची स्वतःची लेखी चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी असते. पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मिळते. एमबीबीएस झाल्या झाल्या कुणी फिजिशियन होत नाही. आधी युनिटबरोबर राहायचं, सकाळचा सिक रिपोर्ट, म्हणजे आजारी म्हणून आलेले जवान, बघायचा, मग एमडी, मग स्पेशालिस्टच्या दोन पायऱ्या : आधी ग्रेडेड आणि पुढे क्लासिफाइड. युनिटमधली ती वर्षं वाया गेली असं समजू नकोस. जवान कुठे झोपतो, काय खातो, पाठीवर किती वजन घेऊन चालतो, हे पाहिलेल्या डॉक्टरला पुढे वॉर्डात त्याचं 'ठीक हूं' वाचता येतं. आणि मुलगी म्हणून शंका असेल तर डॉ. माधुरी कानिटकर यांचं नाव घरच्यांना सांग. एएफएमसीत शिकलेल्या, बालरोगतज्ज्ञ, लेफ्टनंट जनरलच्या हुद्द्यापर्यंत पोचल्या आणि नंतर त्याच नाशिकच्या विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या.

प्रश्न : माझा मुलगा रजा संपवून लेहला परतला. फोनवर म्हणतो, पहिले काही दिवस काहीच काम देत नाहीत, नुसतं झोपवून ठेवतात. तो आजारी आहे आणि आम्हाला सांगत नाही, असं तर नाही ना? तो तर तिथे दीड वर्ष राहिलेला आहे. – एक आई, अपशिंगे, जि. सातारा

ताई, काळजी करू नका. ते काही दिवस म्हणजेच औषध आहे. लेह साधारण 3,500 मीटर उंचीवर आहे आणि विमानाने गेलेला माणूस तासा-दीड तासात तिथे उतरतो. शरीराला विरळ हवेची सवय व्हायला वेळ लागतो. नव्याने जाणाऱ्याला या पहिल्या टप्प्यावर सहा दिवस ठेवतात : पहिले दोन दिवस विश्रांती, नंतर दोन दिवस सपाटीवर थोडं चालणं, मग दोन दिवस चढाचं चालणं. 12,000 फुटांच्या वर जायचं तर पुढे चार दिवस, 15,000 च्या वर आणखी चार.

'तो तर दीड वर्ष राहिलेला आहे' हे तुमचं वाक्य मात्र मला महत्त्वाचं वाटतं, कारण मुलंही हेच म्हणतात. रजेवर गावाला आलं की शरीर ती सवय विसरतं. दहा दिवसांपेक्षा जास्त खाली राहिलेल्याला परत गेल्यावर पुन्हा सवय करून घ्यावी लागते.

मी लेहला असताना एक हवालदार रजेवरून आला. जुना माणूस, तिथला हिवाळा काढलेला. पहिल्याच दिवशी स्वतःची ट्रंक आणि मित्राचीही ट्रंक उचलून बराकीत नेली. दुसऱ्या रात्री कोरडा खोकला सुरू झाला. धुळीचा असेल म्हणून त्याने कुणाला उठवलं नाही. उताणं झोपता येईना म्हणून भिंतीला टेकून बसून राहिला. पहाटे तीनच्या सुमारास शेजारच्या खाटेवरच्या पोराला त्याच्या छातीतली घरघर ऐकू आली, हुक्क्यातलं पाणी वाजावं तशी. त्या पोराने कुणाला विचारत न बसता गाडी मागवली. माझ्यासमोर आणला तेव्हा ओठ निळे, थुंकीत गुलाबी फेस, बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर आकडा 54. तिथे रुळलेल्या धडधाकट माणसाचा तो 90 च्या आसपास असतो. हा फुप्फुसात पाणी भरण्याचा आजार, फौजेत त्याला 'हॅपो' म्हणतात. ऑक्सिजन लावला, बसतं ठेवलं, निफेडिपिन दिलं. साडेसातच्या राउंडला आकडा 86 वर होता आणि तो चहा मागत होता. दोन-तीन तास उशीर झाला असता तर तो वाचला नसता.

एक गोष्ट अभिमानाने सांगते. हा आजार नीट ओळखण्यात आपल्याच फौजी डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. 1962 च्या युद्धात मैदानातले जवान घाईघाईने डोंगरावर चढवले गेले आणि शेकड्यांनी आजारी पडले. डॉ. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी 1,925 जवानांचा अभ्यास 1969 मध्ये प्रसिद्ध केला. उंचीवरच्या आजारांवर काम करणारे जगभरचे डॉक्टर त्याचा आधार घेत आले आहेत. तुमच्या मुलाला 'नुसतं झोपवून ठेवतात' त्यामागे त्या जवानांचे हाल आहेत.

तुम्ही एवढंच करा. फोनवर 'काम का देत नाहीत' असं विचारू नका. 'खोकला आहे का, झोप लागते का, डोकं दुखतं का' एवढं विचारा, आणि यातलं काही असेल तर त्याच मिनिटाला एमआय रूमला, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, जायला सांगा. लाजायचं नाही, सकाळची वाट बघायची नाही. बराकीत बुखारी (ऊब देणारी शेगडी) पेटवून दारं-खिडक्या गच्च बंद करून झोपू नको, हेही बजावून सांगा. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो.

प्रश्न : माझे पती 41 वर्षांचे, नायब सुभेदार आहेत. रजेत गावातल्या डॉक्टरांनी बीपी 160/100 सांगितलं. ते गोळ्या खाजगीतून घेतात, युनिटला सांगत नाहीत. कॅटेगरी लागेल म्हणतात. मी काय करू? – एक वाचक, कागल

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. अशी माणसं मी इतकी पाहिली आहेत की त्यांचे चेहरे डोळ्यांसमोर येतात.

आधी त्यांच्या भीतीबद्दल, कारण ती खोटी नाही. फौजेत प्रत्येकाची तब्येत 'शेप' या पाच अक्षरांत मोजतात : मन, कान, हातपाय, एकूण शारीरिक क्षमता आणि डोळे. सगळीकडे 1 असेल तर माणूस कुठेही जाऊ शकतो. बीपी निघालं की चौथ्या अक्षराचा, 'पी'चा, आकडा बदलतो, बहुतेक वेळा 2 होतो. यालाच कॅटेगरी लागणं म्हणतात. आधी तात्पुरता, मग ठरावीक आठवड्यांनी पुन्हा बोर्ड. उंचावरच्या पोस्टिंगवर, काही कोर्सेसवर आणि काही वेळा बढतीवर त्याचा परिणाम होतो. हे मी लपवणार नाही. पण पी-2 झालेले कितीतरी जेसीओ, म्हणजे तुमच्या पतींसारखे सुभेदार दर्जाचे लोक, पूर्ण नोकरी करून सन्मानाने घरी गेलेले मी पाहिले आहेत.

आता लपवण्याचं सांगते. लपवलेला माणूस पी-1 समजून कुठेही पाठवला जातो. उंचीवर गेल्यावर डोकं दुखलं तर ते उंचीमुळे की बीपीमुळे, हे समोरच्या डॉक्टरला कळणार नाही, कारण त्याला गोळीच माहीत नाही. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल आणि राजस्थानात मे महिन्यात रूट मार्च निघाला, तर अंगातलं पाणी आणि क्षार आधीच कमी असतात. काही गोळ्या नाडी दाबून धरतात, मग धावताना पाय उचलत नाहीत आणि माणूस स्वतःलाच दोष देतो. गोळ्या संपल्या की नव्या मिळेपर्यंत खाडा. माझ्या वॉर्डात असा एक जेसीओ अर्धांगवायूने आला होता. बायकोने पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं तेव्हा आम्हाला कळलं की चार वर्षं तो बीपीच्या गोळ्या घेत होता. उजवा हात परत आला नाही.

पैशाचाही हिशेब आहे. आजार सेवेमुळे झाला का किंवा सेवेमुळे वाढला का, हे बोर्ड नोंदी बघून ठरवतं आणि अपंगत्व पेन्शन त्यावर अवलंबून असते. नोंदच नसेल तर बोर्डासमोर काय ठेवणार?

तेव्हा त्यांना धाक घालू नका. 'एमआय रूममध्ये फक्त बीपी मोजून घ्या' एवढं म्हणा. मशीनवर आकडा दिसला की पुढचं डॉक्टर बघेल. आम्हीही एका मोजणीवर कॅटेगरी लावत नाही. भरती करून, दिवसातून अनेकदा मोजून, डोळ्यांचा पडदा, लघवी, ईसीजी बघून मगच ठरवतो. वजन आणि मीठ उतरल्यावर कमी गोळ्यांवर येणारेही असतात.

प्रश्न : मी जिल्ह्याच्या गावी फिजिशियन आहे. तुमच्याकडे आमच्यापेक्षा वेगळं काय दिसतं? – एक डॉक्टर, परभणी

तरुण, निरोगी माणसाला श्रमाने झालेला उष्माघात. तुम्हाला शेतात काम करणारे, वयस्क रुग्ण दिसत असतील. आमचा रुग्ण 21 वर्षांचा, पाच किलोमीटरच्या टेस्टमध्ये शेवटच्या वळणावर कोसळलेला. आमचा नियम असा की आधी गार करायचं, मग गाडीत घालायचं. सावली, कपडे उतरवणं, पाणी ओतणं, वारा घालणं, सगळं पडल्या जागी. गुदद्वारात मोजलेलं तापमान 41 अंश सेल्सिअसच्या वर असेल तर रुग्णालयापर्यंतची वीस मिनिटं फार महागात पडतात. दुसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी आली तर स्नायू विरघळलेत, मूत्रपिंडाकडे लक्ष ठेवायचं.

दुसरं, स्क्रब टायफस, बारीक किड्याच्या चाव्याने येणारा ताप. ईशान्येत तापाचा जवान आला की मी त्याचा पट्टा सोडायला लावायचे. कमरेखाली, काखेत, जांघेत सिगारेटने डागल्यासारखा काळा खपलीचा ठिपका असतो, दुखत नाही म्हणून जवान सांगत नाही. सापडला की डॉक्सीसायक्लिन, आणि बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. हा आजार तुमच्याकडेही येतो, विशेषतः पावसाळ्यानंतर. रुग्णाचे कपडे उतरवून बघायचा आळस करू नका.

प्रश्न : युनिटमधून फोन आला की माझा भाऊ 'डीआयएल'वर आहे. अर्थ नीट सांगितला नाही. हे काय असतं? – सांगली

रुग्णालयात दोन याद्या असतात. 'एसआयएल' म्हणजे आजार गंभीर आहे. 'डीआयएल' म्हणजे जिवाला धोका आहे. त्या यादीवर नाव घालायचा निर्णय डॉक्टरचा असतो, आणि नाव घातलं की घरच्यांना कळवणं बंधनकारक असतं. पूर्वी तार जायची, आता फोन जातो. मी अशा यादीवर अनेकदा सही केली आहे, आणि त्यातले बरेच जण नंतर यादीतून काढून स्वतःच्या पायांनी घरी गेले.

तुम्ही थेट रुग्णालयाच्या ड्यूटी डॉक्टरशी बोलायचा आग्रह धरा. भावाला आधीचे आजार, औषधांची अ‍ॅलर्जी, काही गोळ्या घरून घेत असेल तर त्या, हे सगळं सांगा. मराठी बोलणारं कुणी आहे का, हेही विचारा. जवळपास नेहमी कुणीतरी असतंच. मी अशा फोनवर कितीतरी आयांशी मराठीत बोलले आहे, आणि 'तो शुद्धीत आहे का' हा पहिला प्रश्न प्रत्येकीने विचारला. तुम्हीही विचारा. युनिटच्या ज्या माणसाने फोन केला त्याचं नाव आणि नंबर लिहून घ्या. स्टेशनवर घ्यायला येण्याची आणि राहण्याची सोय तेच करतील. जुन्या रिपोर्टांची पिशवी घ्या आणि आजच्या गाडीने निघा.