मीटिंग त्याची आहे, तुम्ही बाहेर का बसता?

पत्र, थोडक्यात: "ताई, नवरा सातपूरच्या कंपनीत आहे. त्याचं पिणं सुटावं म्हणून मीच फोन करकरून एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) मीटिंगचा पत्ता काढला. ओळखीचं कोणी भेटायला नको म्हणून मुद्दाम नाशिकरोडचा ग्रुप निवडला. तीन महिने मंगळवार-शनिवार न चुकता नेलं. संपेपर्यंत मी बाहेर गाडीवर बसून राहते, येताना आज काय बोललास ते विचारून घेते. तरी दिवाळीनंतर परत सुरू झालं. आता रोज क्वार्टर, कधी जास्त. दुसरा ग्रुप शोधू, की मीटिंगचा नादच सोडू?"

ग्रुप बदलू नका. चार पानांच्या पत्रात तुम्ही एक वाक्य जाता जाता लिहून टाकलंत, "बाहेर गाडीवर बसून राहते, विचारून घेते." मला त्याबद्दलच बोलायचं आहे, आणि ते तुम्हाला आवडणार नाही.

मीटिंगमध्ये माणूस तोंड उघडतो ते एका भरवशावर, की इथे बोललेलं इथेच राहील. पहिल्यांदा चोरून कधी प्यायलो, पगारातले किती उडवले, मुलाच्या वाढदिवसाला कुठे पडलो होतो, हे तिथे सांगायचं असतं. मध्ये कोणी तोडत नाही, सल्ला देत नाही. बोलायचं नसेल तर नाव सांगून नुसतं ऐकलं तरी चालतं. तुमच्या नवऱ्याला हा भरवसा तीन महिन्यांत एकदाही मिळालेला नाही. खुर्चीवर बसल्यापासून त्याची जुळवाजुळव चालू असणार, की परतीच्या वाटेवर द्वारका चौक येईपर्यंत हिला काय सांगायचं. जे बायकोला सांगता येईल तेवढंच तो आत बोलला असेल. तेवढं बोलून कोणाची दारू सुटत नाही.

दुसरं नुकसान त्याहून मोठं आहे. मीटिंग संपल्यावर चहा होतो. नव्या माणसाला दोघं-तिघं गाठतात, फोन नंबर देतात. दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटली आणि पाय बारकडे वळायला लागले की पहिल्या घोटाआधी त्याने यातला एक नंबर लावायचा असतो. पुढे यातलाच कोणी स्पॉन्सर, म्हणजे वाट दाखवणारा जुना सभासद होतो आणि त्याच्यासोबत एएच्या बारा पायऱ्यांचं, म्हणजे दारूपासून दूर राहायच्या टप्प्यांचं काम सुरू होतं. बायको बाहेर ताटकळतेय हे माहीत असताना तो चहाला थांबेल कसा? म्हणजे तीन महिने त्याने अर्धी मीटिंगच केली. दिवाळीनंतर ज्या संध्याकाळी हात बाटलीकडे गेला, त्या संध्याकाळी त्याच्या मोबाइलमध्ये लावायला एकही नंबर नव्हता, असं मी ठामपणे म्हणते.

एएमध्ये हजेरीपट नसतो, फी नसते. शेवटी पिशवी फिरते, त्यात ज्याला जमेल त्याने टाकावं. सभासद व्हायला अट एकच, पिणं थांबवायची इच्छा. फोन तुम्ही केलात, ग्रुप तुम्ही निवडलात, वार तुम्ही ठरवलेत. मग त्याची इच्छा दिसायला जागा कुठे उरली? ग्रुपचा नंबर आज कागदावर लिहून त्याच्यासमोर ठेवा आणि सांगा, "यापुढे मी येणार नाही, विचारणारही नाही." त्याने स्वतः फोन करून बोलावलं तर ग्रुपमधले लोक भेटायलाही येतात. परत प्यायला म्हणून तिथे कोणी हाकलत नाही. स्लिप झालेल्या माणसाने त्याच आठवड्यात परत जाऊन बसायचं असतं.

एका बाबतीत मात्र गप्प राहू नका. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, उलट्या होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास आणि असंबद्ध बडबड सुरू झाली तर जिवावर बेततं. म्हणून शनिवारची मीटिंग आहे म्हणून शुक्रवारी बाटली मोरीत ओतायची नाही. थांबवायच्या आधी सिव्हिलमध्ये डॉक्टरांना दाखवा, रोज किती पितो ते खरं सांगा. फिट आली किंवा भास व्हायला लागले तर १०८ लावा. रात्री-अपरात्री काय करावं सुचेना झालं तर टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६.

आता तुम्ही. एए १९३५ मध्ये सुरू झालं. नवरे मीटिंगला जायचे तेव्हा मागे राहिलेल्या बायका आपापसात बसायला लागल्या आणि त्यातून १९५१ मध्ये अल-अनॉन उभं राहिलं. बाई, ती तुमच्यासारख्यांचीच जागा आहे. तिथे नवऱ्याला कसं सोडवायचं हे शिकवत नाहीत. त्याचं पिणं तुमच्यामुळे सुरू झालेलं नाही, तुम्ही ते आवरू शकत नाही आणि बरंही करू शकत नाही, हे तिथल्या बायका आपापल्या घरचं सांगत तुमच्या गळी उतरवतील. एएचा पत्ता काढलात तसाच हाही फोन करून काढा. वार, वेळ आणि भाषा विचारून घ्या, मराठीतून चालते का ते नक्की विचारा. जागा बदलत असतात, म्हणून निघण्याआधी पुन्हा एकदा फोन करा. पहिल्या दिवशी नुसतं ऐकलंत तरी पुरे. तो मीटिंगला जावो न जावो, तुम्ही जायचं.

शनिवारी तो एकटा गेला आणि यायला उशीर झाला तर फोन करू नका. आल्यावर जेवायला वाढा, आणि आज काय बोललास हे विचारू नका.