वाचकांचे प्रश्न : फिकट तुरा, निळा तुरा, खपल्यांचा तुरा

प्रश्न : आमच्याकडे परसात सहा कोंबड्या आहेत. महिनाभरात त्यांतल्या तिघींचे तुरे फिकट गुलाबी झालेत, अंडीही कमी झालीत. खाणं मात्र नेहमीसारखं आहे. रक्तवाढीचं टॉनिक सुरू करावं का?

टॉनिक आत्ता नको. आधी हा फिकटपणा नैसर्गिक आहे की रक्त कमी झाल्यामुळे आहे, ते ठरवा. पीस झडायला लागलं, कोंबडी खुडूक बसली किंवा दिवस लहान झाले, की शरीरातले संप्रेरक उतरतात. मग तुरा आक्रसतो, कोरडा आणि फिकट होतो. पीस झडून नवं यायला साधारण ८ ते १२ आठवडे लागतात आणि तेवढा काळ बहुतेक कोंबड्या अंडी देत नाहीत. तिथे औषधाचं काही काम नसतं.

खात्री करायला कोंबडी हातात घ्या. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक हाडांची टोकं लागतात. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं मावली आणि गुदद्वार रुंद, ओलसर असलं, तर ती अंड्यावर आहे. जेमतेम एक बोट मावलं आणि गुदद्वार कोरडं, आवळलेलं असलं, तर ती थांबली आहे. अंड्यावर असलेल्या कोंबडीचा तुरा फिकट पडला असेल, तर ते काळजीचं आहे. त्याच वेळी छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा. हाड धारदार लागलं, तर खाणं अंगी लागत नाहीये.

यानंतर खुराड्यातले लाल माइट शोधा. हे किडे रात्री रक्त पितात आणि दिवसा फटींत दडतात. दुपारी कोंबडीचं अंग तपासून 'काही नाही' म्हणणं ही इथली नेहमीची चूक. अंधार पडल्यावर दोनेक तासांनी टॉर्च घेऊन जा आणि कोंबड्या बसतात त्या दांड्यांची खालची बाजू व टोकाचे सांधे पांढऱ्या कागदाने पुसा. कागदावर लाल रेघा उमटल्या, तर कारण सापडलं. उपाशी माइट करडा दिसतो, प्यालेला लाल. आकार जेमतेम १ मिलिमीटर.

दांड्या काढा, सांधे खरवडा, जुनी गादी (खाली पसरलेला भुसा-पेंढा) बाहेर काढून जाळा, कढत पाण्याने सगळं धुऊन वाळू द्या. मग कोंबड्यांच्या खुराड्यासाठी मान्यता असलेलं माइटनाशक लेबलवरच्या प्रमाणात फटींमध्ये मारा. औषधाने माइटची अंडी मरतीलच असं नसतं आणि उबदार हवेत नवी पिढी ७ ते १० दिवसांत तयार होते. म्हणून आठवड्याने दुसरी आणि त्यानंतर आठवड्याने तिसरी फवारणी हवीच. एका फवारणीवर थांबलं, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. खुराडं काही आठवडे रिकामं ठेवूनही भागत नाही, कारण माइट अन्नाशिवाय महिनोन्‌महिने तग धरतात.

माइट सापडले नाहीत, तर तीन-चार कोंबड्यांची ताजी शीट तपासायला द्या. जंत आणि रक्ती हगवण दोन्ही त्यात कळतात. शिटेत रक्त दिसलं, पिल्लं किंवा तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) पिसं फुगवून कोपऱ्यात बसू लागल्या, तर अहवालाची वाट न पाहता पशुवैद्यकांना दाखवा. टॉनिकचा धोका इथेच आहे. रक्ती हगवणीवरचं अँप्रोलियम हे औषध त्या आजाराच्या परजीवीला बी-१ जीवनसत्त्व मिळू न देऊन काम करतं. त्याच वेळी बी-१ असलेलं टॉनिक पाण्यात गेलं, तर औषधाचा जोर कमी होतो. औषध कुठलंही असो, किती दिवस अंडी खायची नाहीत ते आधी विचारून घ्या.

प्रश्न : एका कोंबडीचा तुरा निळसर-जांभळा दिसतोय. बर्ड फ्लू असेल का?

रंगापेक्षा किती पक्ष्यांना झालं आणि किती झपाट्याने झालं, हे आधी पाहा. निळेपणाचा अर्थ एवढाच, की तिथल्या रक्तात प्राणवायू कमी आहे. थंड पहाटे फक्त टोकं जांभळी दिसून ऊन चढल्यावर लाल होत असतील, तर घाबरू नका. एखाद्या वयस्क कोंबडीचा तुरा कित्येक आठवडे निळसर आहे, ती चार पावलांत धापा टाकते आणि पोट पाण्याच्या पिशवीसारखं लागतं, अशा वेळी हृदय किंवा यकृताचा आजार असण्याची शक्यता जास्त. चोच उघडून श्वास, घरघर, नाकातून स्राव असेल तर श्वसनाचा संसर्ग समजून तिला लगेच वेगळं करा.

एक-दोन दिवसांत अनेक कोंबड्यांचे तुरे काळे-निळे पडले, चेहरा आणि चोचीखालच्या लोंबत्या पाळ्या सुजल्या, पायांवर लालसर डाग आले किंवा धडधाकट दिसणारे पक्षी पटापट मेले, तर बर्ड फ्लू किंवा पटकी (कोंबड्यांचा कॉलरा) धरूनच वागा. मेलेले पक्षी उघड्या हातांनी उचलू नका, कापून पाहू नका. पक्षी, अंडी, खत काहीही बाहेर नेऊ नका. सरकारी पशुवैद्यकांना त्याच दिवशी कळवा. नुसत्या नजरेने हे दोन आजार कुणालाही खात्रीने वेगळे सांगता येत नाहीत, नमुना तपासावाच लागतो.

कडकनाथ आणि सिल्की या जातींचे तुरे मुळातच गडद असतात. तिथे रंगावर विसंबू नका. श्वास, शीट आणि वजन पाहा.

प्रश्न : तुऱ्यावर काळ्या खपल्या आल्यात. देवी आहेत की चोची मारल्याच्या जखमा?

चोचीची जखम चपटी, वेडीवाकडी असते आणि बहुधा तुऱ्यावरच असते. देवीची सुरुवात फिकट, उंच पुटकुळ्यांनी होते. त्या चामखिळीसारख्या वाढून काळ्या पडतात आणि पापण्या, चोचीच्या कडा, लोंबत्या पाळ्या इथेही दिसतात. देवी विषाणूमुळे होतात, त्यामुळे प्रतिजैविकाने त्या जात नाहीत. जखमेत जिवाणू शिरले तरच पशुवैद्यक ते देतात. कोरड्या प्रकारात खपल्या साधारण २ ते ४ आठवड्यांत आपोआप गळतात. त्या खरवडू नका. खपलीत जिवंत विषाणू असतो आणि रक्तही वाहतं.

डास हा आजार पसरवतात, म्हणून साचलेलं पाणी हटवा. डोळे चिकटून बंद झाले असतील, तर कोमट मिठाच्या पाण्याने पुसा, नाहीतर कोंबडीला दाणा दिसत नाही आणि ती उपाशी मरते. तोंडात पिवळसर थर दिसला तर घाई करा, तो घशात वाढून श्वास कोंडतो. निरोगी पक्ष्यांना लस पंखाच्या पातळ कातडीत टोचतात. ७ ते १० दिवसांनी तिथे बारीक गाठ किंवा खपली दिसली, तरच लस लागली असं समजायचं.

जखम चोचीची निघाली, तर स्वच्छ कापडाने काही मिनिटं दाबून रक्त थांबवा आणि भरेपर्यंत ती कोंबडी वेगळी ठेवा. रक्त दिसलं की बाकीच्या तिथेच टोचतात.

प्रश्न : तुरा एका बाजूला कलंडला आहे. हा आजार आहे का?

लेगहॉर्नसारख्या जातींच्या मोठ्या, एकेरी तुऱ्याच्या मादीत अंड्यावर आल्यावर तो कलंडतोच. ताठ असलेला तुरा एक-दोन दिवसांत मऊ पडून लोंबला, तर आधी पाण्याची भांडी बघा. उन्हाळ्यात कोंबड्या तुऱ्यातून उष्णता बाहेर टाकतात. त्यात पाणी कमी पडलं, की तुरा लगेच मलूल होतो. सावली आणि गार पाणी देऊनही दुसऱ्या दिवशी तो तसाच राहिला, तर कोंबडी दाखवून आणा.

प्रश्न : जुनी कोंबडी अंडी द्यायची थांबली, तुरा कोंबड्यासारखा वाढला आणि आता ती आरवते!

कोंबडीचं डावंच अंडाशय काम करत असतं. आजाराने ते निकामी झालं, तर मादीचे संप्रेरक घटतात आणि नराची लक्षणं वर येतात. ती पुन्हा अंड्यावर येण्याची आशा धरू नका. खात-पीत असेल आणि पोट सुजलेलं नसेल, तर उपचाराचीही गरज नाही.